हे बाळसं नव्हे

वेल्ह्यात सुदृढ बालक स्पर्धा होती आणि पहिला नंबर माझ्याच मुलाचा, याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. गाल असे की येणारीजाणारी बाई ते ओढल्याशिवाय पुढे जायची नाही. पोट गोल गरगरीत. तो नंबर मला हवाच होता. पहिली मुलगी पाळण्यातच गेली तेव्हापासून हिला पोर लाभत नाही म्हणून गावात कुजबुज चालायची. त्या सगळ्यांची तोंडं मला बंद करायची होती.

पुण्याहून आलेले डॉक्टर एकेक मूल तपासत होते. माझ्या मुलाला बघून आधी हसले. मग पोटावर हात ठेवला, बोटं दाबत हळूहळू खाली नेली आणि त्यांचं हसू गेलं.

"रात्री किती वेळा दूध मागतो?"

"इचारू नगा," माझ्याआधी आत्याबाईच बोलल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वडिलांच्या सख्ख्या बहीण. "लई खादाड हाय. रातभर भोकाड. आईला पाठ टेकू देत न्हाई."

"आणि पाजायला उशीर झाला तर?"

"घामानं भिजतंय," मी म्हणाले. "हातपाय थरथरत्यात. पाजलं की लागलं खेळाया."

"नवरा नात्यातला?"

"व्हय, आतेभाऊ." मामाची मुलगी करायची रीतच होती, त्यात विचारायचं काय!

हे बाळसं नव्हे, डॉक्टर म्हणाले. आजार असावा, पुण्यात रक्त तपासलं की पक्कं कळेल. खाल्लेल्यातली साखर याच्या यकृतात साठते, पण गरजेला बाहेर पडत नाही; जास्त वेळ उपाशी राहिला तर जिवावर बेततं. कणगी काठोकाठ भरलेली आणि घर उपाशी. दोष आईबाप दोघांकडून आला तरच मुलाला होतो, आणि नात्यातल्या लग्नात तसं घडायची भीती जास्त.

मी हादरलेच, आणि रागही आला. माझ्या धडधाकट पोराला हा माणूस आजारी म्हणतो म्हणजे काय! मूल उचलावं आणि तडक एसटी गाठावी असं वाटलं.

"याच्याआधी मूल होतं?"

"पोरगी," आत्याबाई म्हणाल्या. "अशीच गुटगुटीत. पन लई गुनाची. रातीची कदी उठली न्हाई, रडली न्हाई. एक दिस सकाळी बगतो तर..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "ह्यो तिच्यावानी शाना न्हाई."

डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले, "आजी, हा रडतो म्हणून जिवंत आहे. झोपला तरी उठवून पाजायचं."

आत्याबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. बक्षीस कुणाला मिळालं, ते आम्ही बघितलंही नाही.

परतीच्या एसटीत मुलाचा डोळा लागला. एरवी पोर झोपलं की आत्याबाई घरात भांडंसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. त्यांनी वाकून त्याला गदगदा हलवलं.

"ऊठ रं माज्या राजा," म्हणाल्या, "रड." आणि तो रडेपर्यंत हलवत राहिल्या.