कोडोलीएवढं लांब

मी शाळेत भूगोल शिकवतो. सांगायलाही लाज वाटते आता.

धाकटा भाऊ मालदीवला एका हॉटेलात आचारी म्हणून गेला, तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. पंचगंगेचं पाणी जरा चढलं की देव पाण्यात घालून बसणारी बाई ती. "चारी बाजूंनी पाणी, आन् माझं पोरगं मधी?" आता तिला काय सांगणार, की ती बेटं म्हणजे प्रवाळाची नुसती कडी, समुद्रातून जेमतेम पुरुषभर वर आलेली? टेकडी नाही, नदी नाही, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. मग मी शहाणपण केलं. म्हटलं, "अगं, आपल्यासारखंच हाय की ते. विमानतळ म्हणजे कोल्हापूर, त्याचं बेट म्हणजे कोडोली. बोट म्हणजे आपली एसटी."

कोडोली तिचं माहेर, एसटीनं तासाभरावर. बाई खुलली. शेजारणींना ऐटीत सांगायची, "लांब कुठं? कोडोलीएवढं."

यंदा ऐन पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, पोराला बोलावून घ्या. फोन केला, आणि नेमकं त्याच दिवशी तिकडं वारं सुटलं. बोटी बंद, छोटी विमानंही बंद. मधे सगळा उघडा समुद्र. भाऊ फोनवर रडत होता, "दादा, धक्क्यावरच बसलोय रं. बोटच सोडीनात."

आई सारखी दाराकडं बघायची. "आला व्हय?"

"निघालाय," मी म्हणायचो. दोन दिवस असंच म्हणालो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, खरं सांगितलं, "आई, तिकडं लई लाटा उसळत्यात. बोट सुटंना."

तिला वाटलं, मी भावाची बाजू सावरतोय. "गप रं. कोडोलीतनं यायला तीन दिस लागत्यात व्हय? चालत आला असता तरी पोचला असता. त्याला यायचंच न्हाई." आणि भिंतीकडं तोंड केलं. मी किती समजावलं, पण तिनं मान वळवली नाही. संध्याकाळी गेली.

तो पोचला तोवर रक्षाविसर्जनही उरकलं होतं. अंगात हॉटेलचा पांढरा सदरा तसाच. उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, "दादा, बोटी बंद हायत, हे कळलतं न्हवं आईला?"

"व्हय," मी म्हटलं. "कळलतं."