मी धरतो, तू कॉपी कर

लग्नानंतर मी कोपरला राहायला आले आणि घरातच टायपिंगची कामं घ्यायला लागले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कॉलेजचे प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल, मुंजीच्या पत्रिका, मिळेल ते. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलेला. नवरा कामावर गेला की घरात मी आणि सासरे, दोघंच. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या.

सासरे ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले. माझ्याशी फारसं बोलत नसत. चहा दिला की “ठेव तिथे” म्हणायचे आणि मी आत गेल्यावरच कप उचलायचे. जेवायलाही आमचं झाल्यावर बसायचे. सुनेने परक्या माणसांना दिवसभर बाहेरच्या खोलीत बसवून घ्यावं हे त्यांना पसंत नसणार, असं मी आपलं धरून चालले होते.

त्या पावसाळ्यात माझ्याकडे ठाण्याच्या एक शिक्षिका यायच्या. कोळीवाड्यातल्या. त्यांच्या आत्याला हळदीची, लग्नाची कितीतरी गाणी तोंडपाठ होती. ती सगळी त्यांनी प्रबंधासाठी उतरवून घेतली होती, आणि उन्हाळ्यात आत्या वारली. वहीतलं मी टाइप करायचे आणि त्या शेजारी बसून सांगायच्या, “इथे ळ नको गं, आमच्यात ल म्हणतात. आत्या असंच म्हणायची.” मूळ वहीत त्यांनी सवयीने शाळेतली मराठी लिहिली होती. आत्याचा खरा उच्चार आला तो पडद्यावरच, शब्दाशब्दाला थांबून.

गणपतीच्या सुमारास मी सीडी ड्राइव्ह घेतला. कल्याणच्या दुकानातला मेकॅनिक येऊन तो बसवून गेला, आणि तसाच गौरी-गणपतीसाठी गावाला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर पडदा काळा, त्यावर इंग्रजीत एक ओळ, की डिस्क सापडत नाही. बंद करून परत चालू केलं. तेच. गाणी मी फ्लॉपीवर घेऊन ठेवलेली नव्हती. काम पुरं झालं की एकदमच घेऊ, असं ठरवलेलं.

फोन खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. मी धावत खाली गेले. कल्याणचे दुकानदार म्हणाले, “मॅडम, घाबरू नका. कव्हर काढा. करड्या रंगाची चपटी पट्टी दिसेल, तिची लाल कड पॉवरच्या वायरकडे आहे का बघा. आणि दोन्ही ड्राइव्हच्या मागे छोटी काळी टोपी असते, जंपर. हार्ड डिस्कची मास्टरवर हवी, सीडीची स्लेव्हवर. एका पट्टीवर दोघं आले की थोरला कोण, धाकटा कोण, ते मशीनला सांगावं लागतं.”

वर आले तर सासरे स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे. त्यांनी तो माझ्या हातात दिला. कव्हर निघालं. लाल कड बरोबर होती. जंपर दोन्ही जागच्या जागी. मी पुन्हा खाली गेले. दुकानदार म्हणाले, “मग सीडीची पट्टी आणि पॉवर काढून बघा.” काढलं, तरी डिस्क सापडेना.

“ही फिरतच नाहीये,” सासरे म्हणाले. ते खाली वाकून कान लावून ऐकत होते. “चालू असली की घुर्र करते ना? आत्ता गप्प आहे.”

म्हणून मी डिस्कचा चार वायरींचा पांढरा प्लग जरा दाबला. घुर्र आवाज आला! बोट काढलं, आवाज बंद. म्हणजे डिस्क शाबूत होती, तिला वीजच नीट पोचत नव्हती. दुसरा रिकामा प्लग तिथवर पुरेना, सीडीचा काढून लावावा तर तो इतका घट्ट की आत बसेना. आता मेकॅनिक येईपर्यंत वाट बघायची की काय, असा विचार करतेय तोवर दारात शिक्षिका बाई उभ्या. प्रिंट घ्यायला आलेल्या.

उघडं मशीन बघून त्या मटकन खुर्चीवर बसल्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण घाबरल्या आणि त्यांच्या तोंडून घरचीच बोली आली. “अगो, सगला गेला का? आत्याचा सगला?”

“गेलेलं नाही,” सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मी धरतो, तू कॉपी कर.”

ते फरशीवर बसले आणि त्यांनी प्लग दाबून धरला. मशीन चालू झालं, गाण्यांचं फोल्डर दिसलं. बाई एकेक फ्लॉपी माझ्या हातात देत होत्या. पहिली अर्धी भरली आणि मशीन अडकलं. परत सुरू केलं, परत अडकलं. मी खाली बघितलं. सासऱ्यांचा हात थरथरत होता. थोडंथोडकं नाही, मनगटापासून बोटांपर्यंत. त्यांनी तो चटकन मागे घेतला.

“मला नाही जमायचं,” ते म्हणाले. “कारखान्यातच सुरू झालं हे. एकदा हातातलं मापाचं गेज पडलं, तर सुपरवायझरने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांसमोर. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.”

मग बाई उठल्या आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. “काका, कोपर मशीनच्या पत्र्यावर टेका. मी मनगट धरते. आत्याला शेवटी असंच धरून जेवू घालायचो आम्ही.”

दोघांनी मिळून प्लग धरला. फ्लॉपी करकरत भरू लागली. सासऱ्यांनी विचारलं, “कसली गाणी आहेत?” बाई सांगू लागल्या, हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आईची कशी थट्टा करतात ते. एक गाणं त्यांनी हलक्या आवाजात म्हणूनही दाखवलं. सासरे हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटची फाइल उतरली आणि मी सांगितलं, “बाबा, सोडा आता.” तरी ते क्षणभर तसेच धरून होते.

मग मी तिघांचा चहा केला. सासरे दोन्ही हातांनी कप धरून आमच्यासमोर प्यायले. बशीत थोडा सांडला.

मेकॅनिक गावाहून आला, तेव्हा त्याने प्लगच्या आतली पसरलेली पिन टोच्याने आवळली. पाच मिनिटांचं काम. सीडी ड्राइव्हही चालू झाला. बाईंची गाणी छापून झाली, ळ च्या जागी ल ठेवूनच, आणि प्रबंध वेळेत गेला.

मी सासऱ्यांना कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते यायलाच तयार नव्हते. “काय सांगतील? वय झालं म्हणतील,” असं म्हणत रिक्षात बसले. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे धरायला लावले, पाण्याचा पेला उचलायला लावला, एक वर्तुळ काढून घेतलं. हा नसांचा आजार आहे म्हणाले, काहींच्या घराण्यातच असतो. सासऱ्यांना आठवलं, त्यांच्या वडिलांचीही मान हलायची. गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली, पूर्ण गेली नाही.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना स्टेशनबाहेर ते थांबले आणि म्हणाले, “भूक लागली गं.” आम्ही समोरच्या हॉटेलात शिरलो. भरलेलं हॉटेल, मधलं टेबल. त्यांनी मिसळ मागवली, आणि रस्सा जास्त घालायला सांगितला.