ऑक्टोपसचा आठवा हात

मला दिवस गेले तशा सासूबाईंनी माझ्या खोलीत गुटगुटीत बाळांचे फोटो चिकटवले. पोटुशी बाई जे बघत बसते तसं मूल होतं म्हणे. मला हसू यायचं, कारण मी दिवसभर बघायचे ऑक्टोपस, जेलीफिश आणि तारामासे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे समुद्रातले जीव हातानं काढून रंगवले होते. लातुरात घरी बसून त्या चित्रांवरचे पिवळे डाग कॉम्प्युटरवर पुसायचे, हे माझं काम. पुण्याचा एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढणार होता.

"काय बघायलीस गं हे? ना हाड, ना तोंड," सासूबाई म्हणायच्या.

"मग तुमच्या बाळांच्या फोटोंनी पोट भरतंय का, आत्या?" तोंड माझं फटकळच.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळाचा एक हात दिसला, दुसरा काही केल्या दिसेना. "अंगाखाली असेल. पुढच्या आठवड्यात परत बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या 'असेल'नं माझी झोप उडाली.

घरी येऊन काम उघडलं. समोर ऑक्टोपस. त्याचा आठवा हात कागदाला लागलेल्या कसरीनं निम्मा खाल्लेला. इतके दिवस त्याचं काही वाटलं नव्हतं, आता त्याच्याकडं बघवेना. एवढी शिकलेली मी, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओढणी टाकून उठले. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका दुपारी त्या शेजारी येऊन बसल्या आणि ओढणी काढली.

"त्याचा हात पुरा कर."

"आपण नवं काही काढायचं नसतं, आत्या. डाग तेवढे पुसायचे."

"पुरा कर गं माय."

मी काढला. हातावरची चिकटून धरणारी एकेक वाटी काढत शेंड्यापर्यंत गेले. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

पुढच्या सोनोग्राफीला त्यांना आत येऊ दिलं नाही. मी बाहेर आले तेव्हा त्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. हाक मारली. मग नुसता पंजा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझं एकेक बोट चिमटीत धरून मोजलं.