एक थेंबही न गिळणारे आमचे शेजारी

परळीतल्या सगळ्या पिणाऱ्यांना मिळून दारूतलं जेवढं कळतं, त्याहून जास्त आमच्या शेजाऱ्यांना एकट्यांना कळतं, आणि त्यांनी आजवर तिचा एक थेंबही गिळलेला नाही. यावर विश्वास ठेवणारी माणसं गावात फार थोडी. मी त्यांतला एक. आमच्या दोघांच्या घरांमध्ये चार इंचांची भिंत आहे आणि मी शाळामास्तर असल्यामुळे संशय घेणं हा माझा धंदाच आहे. वर्षभर मी संशय घेतला, मग सोडून दिला.

त्यांची सगळी नोकरी औष्णिक केंद्राच्या प्रयोगशाळेत कोळसा आणि पाणी तपासण्यात गेली. वॅगनचा दरवाजा उघडला की यंत्राच्या आधी त्यांचं नाक कोळसा किती ओला ते सांगायचं. निवृत्तीच्या निरोपसमारंभात कुणा उत्साही माणसाने शालीत गुंडाळून व्हिस्कीची एक बाटली त्यांच्या हातात ठेवली. हे बौद्ध घरातले. आईचं बोट धरून विहारात पंचशील म्हटलेलं, त्यातलं पाचवं दारू न पिण्याचं, आणि नुसतं म्हटलेलं नाही, पाळलेलं. बाटली कुणाला तरी देऊन टाकायची असं त्यांनी घरी येईपर्यंत ठरवलं होतं. पण नमुना तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, ही जन्माची सवय. त्यांनी बूच काढलं, वास घेतला आणि, त्यांच्याच शब्दांत, "मास्तर, मी पंधरा मिनिटं उभाच ऱ्हायलो. एवढ्याशा बाटलीत नवी सागवानी दारं बसवलेलं अख्खं घर होतं, आणि आत कुणीतरी तीळ भाजत होतं."

तिथून हा नाद लागला. पद्धत ठरलेली. सकाळी अकरा वाजता, पोटात दोन भाकरी गेल्यावर, छोट्या काचेच्या पेल्यात मोजून एक चमचा. आधी डोळे मिटून वास. मग जिभेवर घेऊन घोळवायची, स्टीलच्या तांब्यात थुंकायची, तीनदा चूळ भरायची आणि वहीत लिहायचं. "पिणं म्हणजे गिळणं," ते मला समजावत. "मी नमुना घेतो." उरलेली बाटली कॉलनीत वाटून टाकत, त्यामुळे भोवतालचे सगळे पिणारे त्यांचे भक्त झाले होते. कुणाचा मुलगा पुण्याहून, कुणाचा जावई दुबईहून येताना त्यांच्यासाठी बाटली आणायचा, कारण चमचाभर वगळता ती परत आपल्याकडेच येणार हे भक्तांना पक्कं ठाऊक होतं.

वहीतल्या नोंदी मी वाचल्या आहेत. धुराचा वास असलेल्या एका विलायती व्हिस्कीविषयी लिहिलं होतं, 'दवाखान्याच्या ओट्यावर बसून कुणीतरी कणीस भाजत आहे.' नाशकाकडच्या लाल वाइनविषयी, 'पसाभर जांभळं खाल्ल्यावर जीभ खरखरते तशी. शेवटी नव्या चपलेचा वास.' रमबद्दल एकच ओळ, 'साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीशेजारून सायकलवर गेलो.' एकदा परदेशात राहून आलेला कुणाचा तरी जावई म्हणाला, "काका, याला ओक म्हणतात. ओकच्या लाकडाची पिंपं असतात." आमचे शेजारी गंभीरपणे म्हणाले, "असतील. पण मी ओक बघितलेला न्हाई. न बघितलेल्या झाडाची साक्ष मी कशी देऊ?" आणि वहीत त्यांनी 'बाभूळ' असं लिहिलं.

पण वही वाचणारा मी एकटा होतो, आणि त्यांच्या घरात येणाऱ्या बाटल्या साऱ्या गावाला दिसत होत्या. विहारातल्या कार्यक्रमात कुणीतरी हसत हसत म्हणालं, "साहेबांनी चार शीलं सांभाळली, हेच लई झालं." ते वाक्य पाहुण्यांच्या तोंडून तेलगावपर्यंत पोहोचलं. तेलगावात त्यांची आई राहत होती.

ऐंशी ओलांडलेली म्हातारी एसटीने एकटी आली. हातात कापडी पिशवी, अंगावर पांढरं पातळ. घरात आली, पाणीसुद्धा न पिता तिने कपाट उघडलं आणि वाटायच्या राहिलेल्या एकोणीस बाटल्यांकडे बघत उभी राहिली. शेजाऱ्यांनी मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. मी गेलो तेव्हा साठी उलटलेला तो माणूस आईसमोर खाली मान घालून उभा होता.

"पितोस?" म्हातारीने विचारलं.

"न्हाई आई. थुंकतो."

"आँ?"

"तोंडात घेतो, चव बघतो अन् थुंकतो."

मला हसू आलं होतं, पण म्हातारीचा चेहरा बघून ते जागीच विरलं. ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी बसा हितं. आन् तू घे. माझ्यासमोर घे."

त्यांनी पेला आणला, चमचा आणला, तांब्या आणला. वास घेतला, घोट घेतला, थुंकला, चूळ भरली. म्हातारीने त्यांना "आ कर" म्हणून तोंड उघडायला लावलं आणि आत नीट पाहिलं. मग ती खाली बसली. मला वाटलं, झालं, सुटलो. तर ती हळू आवाजात म्हणाली, "मंग सांग. काय हाय त्यात?"

"काय म्हंजे?"

"तुझा बाप जिनिंगमधून सुटला की घरी न्हाई यायचा, देशीच्या दुकानात जायचा. मी दारात बसायची. कशापायी जाता, काय हाय त्यात, म्हनून इचारलं, तर म्हनायचा, तुला न्हाई कळायचं. कळायच्या आधी त्यो गेला. तू नऊ वर्साचा व्हतास." तिने तांब्याकडे बोट केलं. "तुला आता कळतंय ना? मंग मला सांग."

सागवानी दारं, जांभळं, कणीस, सगळं त्या वहीत होतं. आमच्या शेजाऱ्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "ही ती न्हाई, आई. बाबा प्यायचे ती मी कधीच तपासली न्हाई."

"मंग तपास."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत देशीच्या दुकानात गेले. आजवर त्यांना अशा दारात कुणीही पाहिलं नव्हतं. रांगेतल्या दोघांनी "या साहेब" म्हणत जागा करून दिली. गावाची खात्री पटली ती त्या दिवशी. ते कुणाशी बोलले नाहीत. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि बरोबर अकरा वाजता आईसमोर मांडी घालून बसले.

वास घेतला. घोट तोंडात घेतला आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. ते झोंबल्यामुळे आलं की कशामुळे, मी सांगू शकत नाही. मग थुंकले आणि चूळ न भरताच बोलले.

"वर वर संत्र्याचा वास लावलाय. खोटा. खाली नुसता जाळ हाय. चव न्हाईच, आई. जीभ बधिर होते, तोंडात आधीचं काही असलं तर तेबी कळत न्हाई."

"ग्वाड न्हाई?"

"न्हाई."

"मंग चवीसाठी न्हाई जायचा त्यो."

"चवीसाठी कुणी जाणारच न्हाई."

"मला वाटायचं, माझ्या हातच्या भाकरीपरीस काईतरी चांगलं हाय तितं," ती म्हणाली. "लई वर्सं वाटायचं." मग स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली, "कापसाच्या गठाणी उचलून पाठ सोलून निघायची त्याची. म्या हळद लावायची. बधिर व्हावं म्हनून जात असंल."

तिने पदराने मुलाचे डोळे पुसले आणि "चूळ भर आता" म्हणाली.

चार दिवस राहून ती निघाली. आम्ही दोघं तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी हलायच्या बेतात असताना तिने खिडकीतून हाक मारली. "पेटीच्या तळाशी तुझ्या बापाचा फोटू हाय. येताना चौकट घेऊन ये."

"फोटो हाय?" ते ओरडलेच. वडिलांचा फोटोच नाही, असं तोवरचं सगळं आयुष्य ते समजत होते. पण गाडी निघून गेली होती. चौकट केवढी, हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून त्यांनी तीन घेतल्या, लहान, मधली आणि मोठी, आणि रविवारी तिन्ही मांडीवर उभ्या धरून तेलगावच्या गाडीत बसले. फोटो निघाला अंगठ्याएवढा, कामगारांच्या घोळक्यातून कापून घेतलेला. तिन्हींपैकी एकीतही तो बसेना. शेवटी त्यांनी मोठी चौकट निवडली, आत कोरा पांढरा कागद घातला आणि मधोमध तो चेहरा चिकटवला. आता त्यांची आई नाही. तेलगावच्या घराला बहुतेक वेळ कुलूप असतं. मी एकदा त्यांच्याबरोबर तिथे गेलो होतो. दारातून तो चेहरा नीटसा दिसत नाही, भोवतालचा पांढरा कागदच तेवढा दिसतो. आमचे शेजारी मात्र थेट भिंतीपाशी गेले आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ तिथे उभे राहिले.