वच्छलाबाईच्या घराची जागा

गवत पेरणं म्हणजे धान पेरणं नव्हे, हे मजुरांच्या डोक्यात घालता घालता माझा जीव गेला. सारे धानवाले, बी दिसलं का मातीत दाबलंच! अरे, गवताचं बी हलकं. वरच्या वर फेकायचं, बोराटीची फांदी ओढायची, झालं. वच्छलाबाईले मात्र एकदाही सांगा लागलं नाही.

जंगलातलं तिचं गाव अकरा वर्षांमागं उठून चिचगडच्या बाजूले बसलं. जुन्या गावाच्या माळावर आता आम्ही चितळांसाठी कुरण करून राहिलो. मी मुकादम, ती मजूर. आपल्याच गावावर गवत पेरायले बाई रोज येत होती. मले तं शरम वाटे.

दोन वर्षांत पवन्या गवत कमरेले लागलं. पण मधात एक चौकोन, दोन खाटा मावतील एवढा, टकलाच राहिला. तीनदा बी टाकलं. वनखात्याचे सायब म्हणाले, "उदाराम, बी खाल्लं का तू?" असा राग आला मले!

एका दुपारी सारे जेवायले बसले अन् मी कुदळ घेऊन तिकडं गेलो. पाहतो तं वच्छलाबाई गुडघ्यावर बसून तो चौकोन शेणानं सारवून राहिली होती.

"काऊन वो बाई, हे काय लावलं?" मी ओरडलो.

"माहं घर होतं इथं. लखन येईन तं त्याले कसं सापडंन?"

लखन तिचा पोरगा. गाव उठायच्या आधी सडक अर्जुनीहून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तो गेलाच. नव्या घराचा पत्ता त्याले ठाऊकच नाही.

"सारं गाव गवताखाली गेलं, भाऊ. एवढं राहू दे."

"पुढच्या पेरणीपर्यंतच," म्हणून मी फिरलो.

होळीनंतर बाई तापानं गेली. आता खोदता येईन, असं मनात आलं माह्या. सांगायले लाज वाटते.

मृगात गेलो तं सारवण उखडलेलं, भेगांतून पवन्याचे चार कोंब वर आलेले. कुदळ उचलली. तेवढ्यात मागून कोणी विचारलं, "मायचं घर कोणतं?"

वळून पाह्यलं. कोणी नाही. वाळलं गवत तेवढं हालत होतं, अन् वारा तं पडलेला. कुदळ खाली ठेवली, बा.

मी कोंब उपटले. शेण आणलं, जमलं तसं सारवलं.

परवा सायबांनी पुन्हा विचारलं.

"तिथं काही उगवत नाही, सायब," म्हणालो, अन् शेणाचे हात पाठीमागं घेतले.