गंगेच्या सासरी धुरपताबाई

गंगाखेडजवळच्या राणीसावरगावच्या धुरपताबाईचा एक कायदा होता. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, तिच्या तोंडी होता, आणि तिचं तोंड बंद करणारं माणूस त्या शिवारात अजून जन्माला यायचं होतं. कायदा असा, की लेकीला लेकरू होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. तिच्या आईनं तो पाळला, सासूनं पाळला. गावातल्या बाकीच्या बायकांनी केव्हाच सोडून दिला होता, नाहीतर ताटाखाली एक रुपया सरकवून त्या मजेत जेवायच्या. असल्या पळवाटा काढणाऱ्या बायकांची धुरपताबाईला कीव यायची.

तिची एकुलती लेक राजेश्री परभणीत शाळेवर बाई होती. जावई भागवत पूर्णेला रेल्वेत. लग्नाला अकरा वर्षं झाली, लेकरू काही झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय गुंडाळून ठेवला आणि सुखानं राहायला लागली. त्या सुखात खडा होता तो फक्त धुरपताबाईचा. ती महिन्यातून दोनदा लेकीकडं यायची, धपाट्यांचा डबा आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन. सोफ्यावर मांडी घालून आपलं धपाटं खायची, आपलं पाणी प्यायची आणि खाता खाता लेकीच्या पडद्यांना, भांड्यांना, शेजाऱ्यांना नावं ठेवायची. राजेश्री दर वेळी आईचं ताट वाढायची आणि ते तसंच निवून जायचं. ती हसण्यावारी न्यायची. पण आई बसमध्ये बसली की ते ताट उचलताना तिला रडू यायचं.

शेवटी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं हिकमत काढली. आईबापाला घेऊन अंदमानला जायचं. बेट म्हणजे काही लेकीचं घर नाही, तिथं कायदा लागू होणार नाही.

"माय, तिथं तरी माझ्याबरोबर बसून चार घास खाशील का?" तिनं विचारलं.

धुरपताबाईनं दोन दिवस विचार केला आणि समुद्राच्या मधोमध लेकीची चूल नसती, हे मान्य केलं. तिकिटं कोणी काढली, ही चौकशी झालीच. अण्णांनी, असं राजेश्रीनं ठोकून दिलं. अण्णा म्हणजे बन्सीधरराव, धुरपताबाईचे मालक. त्यांनी मान डोलावली. ती मान चाळीस वर्षं दुसरं काही करत नव्हती.

कॅन मात्र बरोबर आलाच. सवय म्हणून, असं तिचं म्हणणं. चादरीत गुंडाळून तो विमानाच्या सामानात गेला, आणि त्याच्या जोडीला दिवाळीच्या फराळाचा डबा. हैदराबादहून विमानानं पोर्ट ब्लेअर आणि तिथून बोटीनं हॅवलॉकच्या बेटावर. बोटीत बसेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग बन्सीधररावांना, ज्यांनी जन्मात कधी कोणाला काही विचारलं नाही त्यांना, एक प्रश्न पडला. एवढं पाणी येतं कुठून?

भागवतला नकाशांचा भारी नाद. त्यानं लगेच मोबाईल काढला आणि नकाशावर बोट फिरवत फिरवत दाखवलं, की आपल्या गंगाखेडची गंगा नांदेडावरून, राजमहेंद्रीवरून खाली येते आणि याच समुद्राला मिळते. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. राजेश्रीनं त्याला कोपर मारलं, पण तोवर घात झाला होता. धुरपताबाईनं समुद्राकडं पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

"मंग हे आपल्या गंगेचं सासर हाय," ती म्हणाली. "इथलं पाणी मला चालत न्हाई."

आता बोला! राजेश्रीनं पुष्कळ वाद घातला. तू तर तिला गंगामाय म्हणतेस, मग ती तुझी लेक कशी, हा मुद्दाही काढून झाला. त्यावर धुरपताबाईनं विचारलं, की मी दरसाल तिची ओटी भरते ती उगीच का? ओटी माहेरवाशिणीची भरतात, आईची कोण भरतं? आता याला वकील तरी काय उत्तर देणार? बन्सीधररावांनी मान डोलावली.

पुढचे दोन दिवस त्या बेटावर एक सासू आली आहे, हे सगळ्यांना कळलं. इतर बायका पाण्यात डुंबायच्या, फोटो काढायच्या. धुरपताबाई नऊवारीचा काष्टा सांभाळत, डोईवर पदर घेऊन काठावर उभी राहायची. लाट येऊन तिच्या पायाला लागली की ती दोन पावलं मागं सरायची आणि म्हणायची, "पुरं, पुरं. किती पाया पडायलाय." जावई भला मोठा आहे, मानपान जाणतो, फक्त तोंडाचा खारट आहे, असा निकाल तिनं पहिल्याच दिवशी देऊन टाकला. सूर्य पाच वाजायच्या आतच बुडाला, तेव्हा तिला ते मुळीच पटलं नाही. आमच्याकडं अजून म्हशी घरी आल्या नसतील आणि हा निजायला निघाला, असं ती शेजारच्या खुर्चीवरच्या बंगाली बाईला समजावून सांगत होती. पण आकाश शेंदरी झालं, पाणी शेंदरी झालं, तशी ती शेवटचा ठिपका बुडेपर्यंत तिथून हलली नाही.

जेवायच्या वेळी मात्र तेच. हॉटेलात भात, डाळ, बटाट्याची भाजी, अननसाच्या फोडी, सगळं समोर यायचं. धुरपताबाई डबा उघडून करंजी खायची आणि कॅनमधलं घोटभर पाणी प्यायची. राजेश्रीचं आईसाठी वाढलेलं ताट इथंही निवून जायचं. शेकडो कोस येऊन ताट तेच निघालं, याचा तिला भयंकर राग आला आणि ती त्या दिवशी आईशी धड बोललीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कॅन संपला. उकाडा मरणाचा. राजेश्रीनं बंद बाटली पुढं केली आणि हे पाणी लांबून जहाजानं येतं, असं बिनधास्त सांगितलं. धुरपताबाईनं बाटली जावयाकडं दिली, कारण भागवत खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. भागवतनं चष्मा लावून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. बाटली इथंच भरलेली होती. राजेश्रीनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की तो उठून आंघोळीला गेला.

संध्याकाळी सगळे काठावर बसले. धुरपताबाईचे ओठ सुकले होते, पण पाठ ताठ. राजेश्री एक सोललेलं शहाळं घेऊन आली, ते वाळूत रोवलं आणि काडीनं ओल्या वाळूवर नदी काढू लागली, शाळेत फळ्यावर काढतात तशी. इथं नाशिक, इथं पैठण, इथं आपलं गंगाखेड. समुद्राजवळ आल्यावर तिनं एका रेघेच्या पुष्कळ रेघा केल्या.

"हे काय?" धुरपताबाईनं विचारलं.

"तिची लेकरं," राजेश्री म्हणाली. "समुद्राला भेटता भेटताच तिला फाटे फुटलेत. शेतं भिजवत्यात, गावं पोसत्यात. विचार तुझ्या जावयाला."

धुरपताबाईनं भागवतकडं पाहिलं. दोनदा खरं बोलून पोळलेला माणूस तो, पण खरंच बोलला. "खरं हाय, मामी. सात तोंडं हायेत तिला."

सात! धुरपताबाईनं बोटावर मोजून पाहिलं, वाळूवरच्या रेघा मोजल्या, आणि मग शहाळं उचलून एका दमात रिकामं केलं. दुसरं मागवलं, तेही रिकामं केलं. हॉटेलात जाऊन दोन वेळा भात घेतला, डाळीत तिखट नाही म्हणून आचाऱ्याला नावं ठेवली, अननस खाल्ला. सगळे हसत होते. राजेश्रीही हसत होती, मग एकदम थांबली.

"गंगेला सूट मिळाली, माय," ती हळूच म्हणाली. "माझं काय?"

धुरपताबाईच्या हातातली फोड हातातच राहिली.

परतीच्या वाटेत ती बोलली नाही. विमानात नाही, रेल्वेत नाही. बन्सीधररावांना इतकी शांतता सोसवेना. त्यांनी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. परभणीला उतरल्यावर नेहमीप्रमाणे ते गंगाखेडच्या बसकडं निघाले, तर ही बाई लेकीच्या रिक्षात जाऊन बसलेली.

घरात आल्यावर ती सोफ्यावर बसली नाही. टेबलावर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा होता, सुट्टीत तपासायला आणलेला. तिनं त्यावर हात ठेवला.

"तुझ्या वर्गात लेकरं किती हायेत गं?"

"एक्केचाळीस."

"नावं वाच."

राजेश्रीला कळेना, पण आईपुढं कोणाचं चालतं? ती एकेक पेपर उचलून वाचू लागली. लिंबाजी, भक्ती, हरिओम, रेणुका. कोण डबा आणत नाही म्हणून ती स्वतःच्या डब्यातलं देते, कोणाला नदी काढता येत नाही, कोण तिलाच चुकून आई म्हणतं, हे सगळं नावाबरोबर आपसूक येत गेलं. विसाव्या नावावर धुरपताबाईनं हात वर केला.

"बास," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, तो नेहमीचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. "गंगेला सात, तर मी दोन शहाळी प्याले. तुला एक्केचाळीस हायेत, अन् अकरा वर्षं मला तहानलेली ठेवलीस? आधी सांगाया काय झालं होतं तुला?"

राजेश्री तोंडात मारल्यासारखी उभी. मग तिला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. भागवत पाणी आणायला धावला, तर तिनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः तांब्या भरून आणला.

धुरपताबाईनं तो वरून घटाघटा प्याला, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या लेकीच्या हातात परत दिला.

"नळाचं दिसतंय," ती म्हणाली. "आणखी आण. अन् ताट वाढ."