कांबळे सरांच्या दारातला स्किप बिन

कांबळे सरांच्या मुलीचा, अमृताचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातच, नोव्हेनाला एका दवाखान्यात माझा नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. ती टोरांटोहून बोलत होती. "काका, बाबा गेले," म्हणाली. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारच्या लिम आंटींनी पोलिसांना बोलावलं होतं. झोपेतच गेले होते. मग तिने विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी भेटलात?" मी म्हणालो, "झाले असतील दोनेक महिने..." घरी येऊन जुने मेसेज चाळले तेव्हा कळलं, चार झाले होते.

कांबळे सरांना जाऊन आता पाच आठवडे झाले. सिंगापूरला नोकरीला आलो तेव्हा ते माझे पहिले वरिष्ठ. नागपूरचे, इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करणारे इंजिनिअर. माझ्या ड्रॉइंगवरच्या चुकांभोवती ते शिसपेन्सिलीने इतकं हलकं वर्तुळ काढत की ते मला शोधावं लागे. पहिल्या दिवशी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत नेऊन त्यांनी माझ्यापुढे फिश सूप ठेवलं. "पुण्याचा ना तू? मग आजपासून जेवायला शिक." मी ते कसंबसं संपवलं, तर म्हणाले, "बघ, तोंड वाकडं करूनही पोट भरतं." पुढे मी नोकरी बदलली, ते निवृत्त झाले, वहिनी गेल्या, अमृता कॅनडाला गेली. त्या घरात सर एकटे उरले.

मागच्या वर्षी त्यांनी छपराची कौलं बदलायला काढली. आम्ही बाकीचे सगळे फ्लॅटवाले. सरांचं मात्र जुनं, एकमजली टेरेस घर, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं. फ्लॅटमधला मोडका सोफा, कळवलं की माणसं येऊन नेतात. सरांच्या ओळीतल्या लोकांना ज्याची त्याची सोय बघावी लागते. कौलांचा राडारोडा टाकायला त्यांना स्किप बिन भाड्याने हवा होता, तो मीच फोन करून ठरवून दिला. लॉरीच्या पाठीवरून घसरत उतरणारा, वरून उघडा, लहानशा खोलीएवढा लोखंडी हौदच तो. फाटकाच्या आत, गाडी उभी करायच्या जागेत ठेवला. सरांकडे गाडी नव्हतीच. तीन-चार दिवसांत जुनी कौलं उतरली, नवी चढली, कामगार गेले. बिन अर्धा रिकामा राहिला.

मग ओळीतले लोक यायला लागले. आधी लिम आंटी, बंद पडलेला पंखा घेऊन. "अंकल, धिस वन स्पॉइल्ड ऑलरेडी. कॅन थ्रो ऑर नॉट?" सर म्हणाले, "कॅन, कॅन. बट फर्स्ट ड्रिंक टी." दोन घरं सोडून राहणाऱ्या या बाई अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात टेकल्या. नंतर एक निवृत्त शिक्षक फाटक्या सुटकेसी घेऊन आले, एक मलय जोडपं मुलाचा पाळणा घेऊन. सर प्रत्येक वस्तूची चौकशी करत, कधी घेतली, कुणी वापरली. आणि मग ते सगळं मला फोनवर सांगत. "अरे श्रीधर, त्या पाळण्यातला पोरगा आता सैन्यात गेलाय. पाळणा टाकताना आई रडली रे." मी फोन खांद्याशी धरून ऑफिसचे मेल लिहीत असे. "सर, बिन कधी उचलायचा?" "उचलू रे. अजून जागा आहे."

तिसरा आठवडा लागला तेव्हा मला वाटलं, वयामुळे विसरतायत. बिनवाल्याचा नंबर माझ्याकडे होताच. मी मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लॉरी येऊन बिन घेऊन गेली. इथे राहून कामं अशी अर्ध्या मिनिटात उरकायची सवय लागते, आणि आपण कुणाचं तरी भलं केलं असंही वाटतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, "बरं केलंस."

"नाहीतर विसरलाच असता, सर."

"हो... विसरलोच असतो."

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या जागेत भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारी ट्रेमध्ये धुतलेले कप पालथे घातलेले. मी विचारलं, "येतं का कुणी?" ते म्हणाले, "आता कशाला येतील? टाकायचं काय?" तेव्हा मला कळलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, नवं छप्पर गळत नाही ना. ते नाही म्हणाले.

वारंवार यायचं, असं त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं. पण इथे न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. मी मेसेज करायचो, "सर, येऊ का?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "सवडीने ये." तो शब्द मी शब्दशः घेतला. वर्षभरात चार वेळा गेलो.

बुद्धवंदना झाली, अस्थी घेऊन अमृता परत गेली. घराच्या किल्ल्या एजंटला द्यायचं काम माझ्याकडे होतं. कुलूप लावत होतो तेव्हा लिम आंटी आल्या. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "यू द ब्रदर, आह?"

मला काही समजलं नाही. मग त्या सांगत गेल्या. बिन गेल्यावर त्यांनी सरांना दर रविवारी घरच्यांबरोबर जेवायला बोलावलं होतं. सर कधीच गेले नाहीत. धाकटा भाऊ बुकित बातोकहून दर रविवारी येतो, म्हणायचे. दुपारभर असतो. आंटींनी त्या भावाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं. "संडे ही क्लोज द गेट. सो यू टू कॅन टॉक, लाह."

बुकित बातोकला राहणारा मीच. रविवारी दुपारी मी घरी असतो, वाचत.

"येस," मी म्हणालो, "वी टॉक्ड अ लॉट."

त्या समाधानाने मान हलवून घरी गेल्या. अजून रविवारी दुपारी पुस्तक उघडतो. पण डोळ्यांसमोर सर फाटक आतून लावून घेतात, आणि खुर्चीत येऊन बसतात... माझं पान उलटायचं राहून जातं.